झडीच्या दिवसांत जागा राहील, तोच संवेदक खरा

भिलाईचे नाव घेतले की प्रथम पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी अखंड मोजमापावर चालते. तिच्यातील तापमान व वायूचा दाब यांच्या नोंदी अहोरात्र होत असतात आणि त्या घेणाऱ्या उपकरणांना विजेची ददात नसते. कारखान्याच्या कुंपणापलीकडे मात्र शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील धानाची शेते सुरू होतात. मोजण्यासारखे तेथेही पुष्कळ आहे. बांधीतील पाण्याची पातळी, जमिनीतील ओलावा, हवेतील आर्द्रता यांचा हिशेब शेतकऱ्याला हवा असतो. तांदुळा जलाशयाचे पाणी शेती, कारखाना आणि वसाहत अशा तिघांनाही पुरवावे लागते. म्हणून एकेका पाळीचे मोल मोठे आहे. परंतु शेतात विजेची जोडणी नसते. तेथे रोवलेल्या बिनतारी संवेदकाला स्वतःपुरती वीज उन्हातूनच मिळवावी लागते आणि तेवढ्यातच भागवावे लागते.

हे भागवणे ज्याला साधत नाही, तो संवेदक ऐन गरजेच्या वेळी मुका होतो. धानाला संवेदकाची खरी गरज जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे ढगाळ दिवसांत असते. उपकरणांची प्रात्यक्षिके आणि खरेदी मात्र बहुधा कोरड्या, उन्हाच्या दिवसांत उरकली जाते. या विसंगतीकडे दुर्लक्ष झाले तर सार्वजनिक पैसा वाया जातोच. शिवाय शेतकऱ्याचा मोजमापावरचा विश्वासही उडतो, आणि तो परत मिळवणे पैशापेक्षा कठीण असते.

हा प्रश्न छत्तीसगडपुरता नाही. दुर्गहून पश्चिमेकडे निघालेला लोहमार्ग राजनांदगाव व डोंगरगढ ओलांडून गोंदियात उतरतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूर या धानपट्ट्यात तोच पाऊस, तीच रोवणी आणि तीच झड असते. महाराष्ट्र शासनाने २०२५ ते २०२९ या काळासाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण स्वीकारले आहे. अशा धोरणांतून शेतात येणाऱ्या संवेदकांची संख्या वाढत जाणार. म्हणून त्यांच्या विजेचा विचार खरेदीनंतर नव्हे, खरेदीपूर्वी व्हायला हवा.

पंपाचा अनुभव येथे पुरा पडत नाही

सौर ऊर्जेचा ग्रामीण परिचय प्रामुख्याने पंपामुळे झाला. छत्तीसगडमध्ये १ नोव्हेंबर २०१६ रोजी सौर सुजला योजनेचा प्रारंभ झाला आणि सौर पंप शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे झाले. पंपाचे गणित सोपे आहे. ऊन आहे तोवर तो चालतो, ढग आले की मंदावतो. आणि ज्या दिवशी पाऊस पडतो त्या दिवशी त्याची फारशी गरजही नसते. साठवायचेच झाले तर पाणी साठवता येते. त्यामुळे ‘पॅनेल जितके मोठे तितके बरे’ असा एक समज रुजला आहे.

संवेदकाची गोष्ट वेगळी आहे. त्याला रात्री जागावे लागते आणि ढगाळ दिवशीही बोलावे लागते. त्याची भूक अत्यल्प असते, पण ती कधीच थांबत नाही. मोठ्या प्रमाणावरचे एक उदाहरण भिलाईजवळच आहे. राजनांदगाव जिल्ह्यातील सौर विद्युत प्रकल्पाला ४० मेगावॉट क्षमतेची, १२० मेगावॉट-तास वीज साठवणारी बॅटरी जोडलेली आहे. दिवसाची वीज संध्याकाळच्या मागणीसाठी राखून ठेवणे हा तिचा हेतू आहे. तळहाताएवढ्या पॅनेलवर चालणाऱ्या संवेदकाचा प्रश्नही तत्त्वतः हाच आहे. फरक इतकाच की प्रकल्पाला काही तासांची तजवीज करायची असते, तर संवेदकाला झडीच्या सबंध आठवड्याची.

एका दिवसाचा जमाखर्च

हा हिशेब मांडून पाहिला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. समजा, धानाच्या बांधीत ओलाव्याचा एक संवेदक आहे. तो बहुतांश वेळ झोपलेला असतो आणि झोपेत १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. चोवीस तासांत हा खर्च सुमारे ०.२४ मिलिअँपिअर-तास होतो. मोजणीच्या वेळी त्याला एक सेकंद १० मिलिअँपिअर लागतात. दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे दिवसातून ९६ वेळा मोजणी केली तर सुमारे ०.२७ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. संदेश पाठवताना ४० मिलिअँपिअर प्रवाह दीड सेकंद लागतो असे धरले, तर ९६ संदेशांना १.६ मिलिअँपिअर-तास लागतील. एकूण खर्च सुमारे २.१ मिलिअँपिअर-तास. यात तीन चतुर्थांश वाटा एकट्या बोलण्याचा आहे. मोजणी तितकीच ठेवून संदेश दिवसातून चारच पाठवले, तर एकूण खर्च सुमारे ०.५८ वर येतो, म्हणजे जवळजवळ चौथाई.

आता जमेची बाजू. अर्ध्या वॉटच्या पॅनेलला स्वच्छ दिवशी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळाला आणि वाटेत निम्मी ऊर्जा वाया गेली, तरी ३.२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे ३९० मिलिअँपिअर-तास जमा होतात. झडीच्या दिवशी अर्ध्याच तासाच्या उन्हाइतका प्रकाश लाभला असे धरले, तर जमा होतात ३९. काटकसरी संवेदकाला तेवढेही भरपूर आहेत.

मग संवेदक बंद का पडतात? याचे उत्तर पॅनेलमध्ये नाही, गळतीत आहे. अनेक स्वस्त मंडलांवर वीज चालू असल्याचे दाखवणारा एक तांबडा दिवा सतत जळत असतो. तो २ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास खातो, म्हणजे उरलेल्या सगळ्या कामाच्या वीसपटीहून अधिक. मोजणी झाल्यावर संवेदकाचा पुरवठा तोडण्याची सोयच नसेल, तर तो एकटा दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास संपवतो. मे महिन्यात ३९० ची आवक असताना हे दोन्ही दोष लपून राहतात. उपकरण ठणठणीत भासते. झडीत आवक ३९ वर येताच दिव्याचे उपकरण रोज थोडे थोडे खंगत जाते. सतत चालू राहणाऱ्या संवेदकाची १५०० मिलिअँपिअर-तासांची भरलेली बॅटरी तर सात-आठ दिवसांत रिती होते. दोष जन्मजातच असतो. पाऊस तो फक्त उघडा पाडतो.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते; आणि अंथरूण मोजायचे ते उन्हाळ्यातले नव्हे, झडीतले.

किती वेळा बोलावे?

बिनतारी संदेशाचा खर्च अंतरावर आणि वेगावर ठरतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो आणि लोरा पद्धतीचे संवेदक त्यातच बोलतात. गेटवे जवळ असेल तर दहा बाइटांचा संदेश सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो. तोच संदेश सर्वांत लांब पल्ल्याच्या, सर्वांत संथ पद्धतीने पाठवला तर सुमारे दीड सेकंद लागतो, म्हणजे चोवीसपट वेळ आणि जवळपास तितकीच ऊर्जा. म्हणून गेटवेची जागा योग्य निवडणे हे विजेच्या बचतीचेच काम आहे. मोबाइल जाळ्यावरून थेट बोलणाऱ्या उपकरणाचा खर्च याहून पुष्कळ अधिक असतो. प्रत्येक जोडणीला सरासरी २०० मिलिअँपिअर प्रवाह अर्धा मिनिट लागला, तर तासाला एक याप्रमाणे दिवसाचे ४० मिलिअँपिअर-तास होतात. झडीतील सगळी आवक एवढ्यातच संपते.

येथे पिकाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. भातासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या ओली-सुकी पद्धतीत, पाणी जमिनीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यायचे असते. फुलोऱ्याच्या काळात मात्र बांधीत पाणी राखायचे असते. बांधीतील पातळी तासातासाला बदलत नाही. दर पंधरा मिनिटांनी तीच बातमी पाठवणारा संवेदक शेतकऱ्याला काहीच नवे सांगत नाही. मोजणी नियमित करावी, पण संदेश दिवसातून तीन-चार वेळाच पाठवावा. आणि पातळी ठरावीक खुणेखाली गेली किंवा एकाएकी चढली, तर वेळ न पाहता तत्काळ कळवावे. पडद्यावर दर मिनिटाला हलणारा आलेख पाहुण्यांना आकर्षक वाटतो. त्याची किंमत बॅटरी मोजते.

यापुढची पायरी म्हणजे शिल्लक पाहून वागणारा संवेदक. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००७ मध्ये या विचाराची नेटकी मांडणी केली. उपकरणाने दीर्घकाळात जितके कमवावे तितकेच खर्चावे, हे त्याचे सूत्र. शेतात त्याचे रूप साधे ठेवता येते. बॅटरी भरलेली असताना तासाला एक संदेश. ती मध्यम पातळीवर आली की सहा तासांनी एक. आणखी उतरली की दिवसाला एक. तळ गाठण्यापूर्वी ‘आता थांबत आहे’ एवढे सांगण्यापुरती ऊर्जा राखून ठेवावी. मुका संवेदक आणि सुखरूप बांधी यांतला फरक दुरून कळत नाही, म्हणून या अखेरच्या संदेशाचे मोल मोठे आहे.

एक बारकावा येथे निर्णायक ठरतो. बंद होण्याची आणि पुन्हा सुरू होण्याची विद्युत पातळी एकच असेल, तर रात्री निजलेला संवेदक पहाटेच्या पहिल्या उजेडात उठतो, गेटवेशी नाते जोडण्यात हाती आलेली ऊर्जा घालवतो आणि लगेच पुन्हा बंद पडतो. दिवसभर हेच चालते. बॅटरी कधी भरतच नाही. पुन्हा सुरू होण्याची पातळी बंद होण्याच्या पातळीहून पुरेशी वर ठेवली की हे चक्र तुटते.

पॅनेल, बॅटरी आणि काठी

पॅनेलमधून जास्तीत जास्त ऊर्जा मिळते ती एका विशिष्ट दाबाला. सिलिकॉनच्या पॅनेलसाठी तो दाब मोकळ्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश असतो. हा बिंदू शोधून धरून ठेवणाऱ्या लहान चिप आता उपलब्ध आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२५५७० ही चिप दर सोळा सेकंदांनी पॅनेलचा मोकळा दाब तपासते आणि स्वतःसाठी अर्ध्या मायक्रोअँपिअरहून कमी प्रवाह घेते. एवढ्या अल्पाहारी व्यवस्थापकामुळे अंधूक उजेडातील थेंब थेंब ऊर्जाही तळ्यात साचते. बिंदू शोधणारा व्यवस्थापकच अधिक खाऊ असेल, तर मात्र लहान पॅनेलसाठी तो तोट्याचा सौदा ठरतो.

पॅनेलचा कल ठरवतानाही पंपाचा नियम जसाच्या तसा उचलू नये. भिलाई सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास शून्य सावलीचे दिवस येतात. पावसाळ्याच्या पूर्वार्धात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. शिवाय ढगांतून झिरपणारा प्रकाश सगळ्या आकाशातून येतो. म्हणून पावसाळ्यासाठी पॅनेल आडवे असण्यात लाभ आहे. मात्र पाणी व धूळ निथळावी यासाठी दक्षिणेकडे दहा-पंधरा अंशांचा कल द्यावा. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४५ अंशांवर उतरतो आणि अशा कलाने थोडे नुकसान होते. पण तेव्हा आकाश स्वच्छ असल्याने ते परवडते.

लहान पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे धानाच्या एका पातीची किंवा पक्ष्याच्या विष्ठेची सावली एकाच घटावर पडली, तरी सगळ्या पॅनेलचा प्रवाह अडतो. रोवणीच्या वेळी उघड्यावर असलेले पॅनेल लोंब्या येईपर्यंत पिकात बुडणार नाही, एवढी काठी उंच हवी. औद्योगिक पट्ट्यात आणि कच्च्या रस्त्यांलगत कोरड्या ऋतूत धूळ साचते. पंधरवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे एवढाच त्यावर उपाय आहे.

उन्हाळ्यात बॅटरी उपासमारीने मरत नाही, अजीर्णाने मरते. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश तापमान असताना उन्हात बंद असलेल्या पेटीतील तापमान त्याहून पुष्कळ चढते. नेहमीची लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपुढे भारित करू नये असा दंडक आहे. पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णता अधिक सोसते आणि भारणाची आवर्तनेही जास्त देते. पेटी पांढरी असावी, पॅनेलच्या सावलीत असावी आणि बॅटरी काठोकाठ भरू नये. या तीन साध्या गोष्टींनी बॅटरीचे आयुष्य वाढते.

एक रास्त आक्षेप

संवेदक इतका काटकसरी होऊ शकत असेल तर सौर पॅनेल हवेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. दिवसाला अर्धा-पाऊण मिलिअँपिअर-तास लागणारा संवेदक चांगल्या प्रतीच्या एकदाच वापरायच्या लिथियम बॅटरीवर काही वर्षे चालू शकतो. जेथे संदेश मोजके आहेत आणि उपकरण पिकाखाली झाकले जाणार आहे, तेथे हाच पर्याय शहाणपणाचा ठरू शकतो. मात्र अशी बॅटरी तालुक्याच्या गावी सहज मिळेलच असे नाही आणि वापरून झाल्यावर ती बांधावर टाकून देणे योग्य नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. खरेदीच्या करारात तिचा उल्लेख असावा.

सौर ऊर्जेला खरोखर पर्याय नाही तो गेटवेपाशी. गेटवे सतत कान देऊन असतो. तो ४ वॉट घेत असेल तर दिवसाला ९६ वॉट-तास आणि तीन अंधाऱ्या दिवसांसाठी २८८ वॉट-तास साठा लागतो. तो बंद पडला की आसपासचे सगळे संवेदक जिवंत असूनही निरुपयोगी होतात. तेव्हा मोठे पॅनेल व मोठी बॅटरी बांधीत नव्हे, गेटवेपाशी द्यावी. किंवा गेटवे शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या छतावर, वीजजोडणीच्या आधाराने बसवावा.

आता काय करावे?

शेतातील बिनतारी संवेदक भारताला नवे नाहीत. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या सुला द्राक्षबागेत ‘अ‍ॅग्रिसेन्स’ हे जाळे उभारले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वित्झर्लंडमधील ईपीएफएल या संस्थेबरोबर कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, चेन्नकेशवपुरा येथे कोरडवाहू शेतीसाठी असाच प्रयोग केला होता. तंत्र तेव्हापासून पुष्कळ स्वस्त झाले. पावसाळ्यात ते तगते की नाही हे तपासण्याची शिस्त मात्र अजून खरेदीच्या व्यवहारात उतरायची आहे.

विस्तार कार्यकर्त्याने विक्रेत्याला ‘पॅनेल किती वॉटचे?’ हा प्रश्न विचारणे थांबवावे आणि चार वेगळे प्रश्न विचारावेत. पॅनेल पूर्ण झाकले तर उपकरण किती दिवस चालते? झोपेत ते किती प्रवाह घेते? प्रत्येक संदेशाबरोबर बॅटरीचा दाब कळवते का? आणि बॅटरी उतरू लागली की संदेशांची संख्या आपोआप घटते का? पहिल्या प्रश्नाची परीक्षा कोणालाही घेता येते. पॅनेलवर काळे कापड बांधून उपकरण दहा दिवस ठेवावे आणि दाब रोज टिपावा. प्रगतिशील शेतकऱ्यांच्या गटालाही हे सहज जमेल. पेटी उघडून आत सतत जळणारा दिवा आहे का, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते.

शासकीय खरेदीत याहून एक पाऊल पुढे जाता येईल. देयकाचा एक भाग सप्टेंबर संपेपर्यंत राखून ठेवावा आणि जुलै ते सप्टेंबर या काळात संदेश अखंड आले तरच तो द्यावा. प्रमाणीकरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. साकोली व सिंदेवाही येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची भात संशोधनाची केंद्रे आहेत. रायपूरला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. आणि २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी भिलाई आता दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे स्वतःच्या परिसरात नांदते आहे. या संस्थांनी मिळून धानाच्या बांधीत दोन खरीप हंगाम उपकरणे पारखावीत आणि निकाल मराठी, हिंदी व छत्तीसगढीतून खुले करावेत. कोणत्या संवेदकाने किती झडी काढल्या, हे शेतकऱ्याला खरेदीपूर्वी कळले पाहिजे. संकरित बियाण्याचा दाणा हाती घेताना तो उगवणशक्ती विचारतोच. संवेदकाबाबतही तेवढी माहिती मागण्याचा त्याला अधिकार आहे.